ग्लेशियर बे: कायकवाल्यांच्या आवडत्या जागेचा इतिहास कसा वाचायचा?

'कायकिंगसाठी जगातल्या सर्वांत सुंदर दहा जागा' अशा याद्या तुम्ही पाहिल्या असतीलच. निळंशार पाणी, मागे बर्फाचे डोंगर आणि चित्राच्या मधोमध एक पिवळी किंवा लाल कायक. चित्रात दुसरं माणूस नसतं. खाली बहुतेक वेळा 'अस्पर्श निसर्ग' असं काहीतरी छापलेलं असतं.

इतिहासात संशोधन करायचं असेल तर या दोन शब्दांपाशी थांबा. अस्पर्श म्हणजे कुणाचा स्पर्श न झालेला? आणि हे कुणी, कधी, कशावरून ठरवलं?

पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण सांगतात, "मला पर्यटनाच्या इतिहासावर काम करायचंय." छान. पण हा विषय झाला, प्रश्न अजून यायचाय. विषयाकडून प्रश्नाकडे जायचा रस्ता साधनांमधून जातो, आणि तो प्रत्यक्ष चालून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आज एकच जागा घेऊ आणि तिच्यावर एकामागून एक पाच साधनं लावून बघू. जागा आहे अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरची ग्लेशियर बे. असल्या याद्यांमध्ये ती हमखास असते.

आधी जागा समजून घेऊ

ग्लेशियर बे म्हणजे समुद्राचा जमिनीत खोलवर शिरलेला, पुढे फाटे फुटलेला पट्टा. डोंगरावरून उतरणाऱ्या हिमनद्यांपैकी काही थेट समुद्राला भिडतात आणि त्यांच्या तोंडाचे कडे कोसळून पाण्यात हिमखंड तरंगत राहतात. शेजारच्या गस्टेव्हस गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. यायचं तर विमानानं किंवा बोटीनं. उन्हाळ्यात बार्टलेट कोव्ह या ठिकाणाहून एक बोट कायकवाल्यांना आत लांबवर नेऊन सोडते. भरती-ओहोटीतला फरक पंचवीस फुटांपर्यंत जातो, त्यामुळे तंबू कुठे ठोकायचा हा गंभीर प्रश्न असतो. काही फाटे उन्हाळ्यात इंजिनाच्या बोटींना बंद असतात. तिथे वल्ह्याचा आवाज, पक्ष्यांचा आवाज आणि लांबून येणारा बर्फ तुटल्याचा गडगडाट, एवढंच ऐकू येतं.

आणखी एक गंमत आहे. उपसागराच्या तोंडाशी दाट जंगल आहे. आत वल्हवत जावं तसं ते विरळ होतं, मग झुडपं येतात, मग शेवाळ, आणि हिमनदीजवळ उघडा खडक. बर्फ मागे सरकला तसतशी जमीन मोकळी होत गेली; जी आधी मोकळी झाली तिथे जंगल आधी वाढलं. म्हणजे कायकवाला जितका आत जातो, तितका तो ताज्या जमिनीकडे जातो. त्यामुळे मनात अगदी सहज येतं की ही जमीन आत्ताच जन्मली, इथे आधी कुणी असणं शक्यच नाही. हा समज लक्षात ठेवा, आपल्याला तोच तपासायचाय.

कायक कुठून आली?

साधनांकडे जाण्याआधी ज्या होडीत बसून हे सगळं बघतात तिच्याबद्दल थोडं. कायक हा शब्द इनुइटांच्या भाषेतला. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं समुद्री प्राण्याचं कातडं आणि बसण्यापुरतं भोक. ही शिकाऱ्याची होडी. हिंडण्याफिरण्यासाठी ती कुणी बनवली नव्हती.

हौसेची कायक फार नंतरची. जॉन मॅकग्रेगर या ब्रिटिश वकिलानं १८६५ मध्ये 'रॉब रॉय' नावाच्या लहानशा होडीतून युरोपातल्या नद्यांवर प्रवास केला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं आणि दुहेरी वल्ह्यानं एकट्यानं भटकणं हा मध्यमवर्गाचा छंद झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत घडीच्या कायक आल्या. रेल्वेत सामान म्हणून टाकायच्या आणि नदीकाठी उघडायच्या.

ग्लेशियर बेचा परिसर मात्र कायकवाल्यांचा नव्हता. तो त्लिंगिट लोकांपैकी हूना लोकांचा, आणि त्लिंगिट लोक झाडाचं खोड कोरून होड्या करत. कातड्याच्या कायक वापरणारे उनांगन आणि अलुतीक लोक आणखी पश्चिमेचे. अठराव्या शतकात रशियन व्यापाऱ्यांना समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांची हाव सुटली. ऊदमांजर मारायचं कसब उनांगन आणि अलुतीक पुरुषांकडे होतं, म्हणून रशियनांनी त्यांना जबरदस्तीनं कामाला जुंपलं आणि त्यांच्या कायकांचे ताफे हाकत पूर्वेला त्लिंगिटांच्या समुद्रात आणले. १७९४ मध्ये ब्रिटिश कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेला याकुटाटजवळ असा शेकडो कायकांचा ताफा दिसला होता. १८०२ मध्ये त्लिंगिटांनी सिटकाजवळची रशियन वसाहत उद्ध्वस्त केली, त्यामागे या घुसखोरीचा राग होताच.

म्हणजे या किनाऱ्यावर कायक पहिल्यांदा मोठ्या संख्येनं आली ती वेठबिगारीचं हत्यार म्हणून. आज तीच शांततेची खूण आहे. एका वस्तूचा अर्थ असा पालटलेला दिसला की वहीत तारीख टाकून नोंद करून ठेवा. पुढे त्यातून अख्खं प्रकरण निघू शकतं.

पहिलं साधन: १७९४ चा नकाशा

व्हँकुव्हरच्या मोहिमेतला जोसेफ व्हिडबी १७९४ च्या उन्हाळ्यात लहान होड्या घेऊन या भागाची मोजणी करत होता. आज जिथे लांबलचक उपसागर आहे तिथे त्याला जेमतेम पाचेक मैलांची खाच दिसली. पुढे बर्फाची भिंत. नकाशावर तसंच आलं.

हे साधन किती भरवशाचं? किनाऱ्याच्या आकाराबाबत बरंच. या लोकांचं कामच मोजणीचं होतं, आणि चूक झाली तर जहाज खडकावर. पण त्याच कारणामुळे त्यांची नजर ठरावीक गोष्टींवरच होती: खोली, प्रवाह, नांगर टाकायच्या जागा, आणि अटलांटिककडे नेणारी वाट आहे का नाही. वाट नाही म्हटल्यावर जागा निकाली. बर्फाच्या आधी तिथे काय होतं हा प्रश्न त्यांच्या कामात बसतच नव्हता.

साधन वाचताना पहिला प्रश्न म्हणून हा विचारायची सवय लावा: हे कागद कशासाठी तयार झाले? ज्या कामासाठी झाले त्या कामापुरतं ते चोख बोलतात. त्यापलीकडच्या त्यांच्या मौनाला पुरावा मानायचं नाही. नकाशात गाव नाही याचा अर्थ गाव कधीच नव्हतं असा होत नाही.

दुसरं साधन: जॉन म्यूरची प्रवासवर्णनं

ऑक्टोबर १८७९. निसर्गलेखक जॉन म्यूर आणि मिशनरी एस. हॉल यंग हे फोर्ट रँगलहून त्लिंगिट होडीतून निघाले. होडीचा नायक तोयाटे, सोबत कडाचान, स्टिकीन जॉन आणि सिटका चार्ली. ग्लेशियर बेमध्ये पोचल्यावर म्यूरला दिसलं की व्हँकुव्हरच्या नकाशातली बर्फाची भिंत तीसहून जास्त मैल मागे गेली आहे. त्यानं लिहिलेली वर्णनं गाजली आणि ही जागा जगाला माहीत झाली. 'ट्रॅव्हल्स इन अलास्का' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये निघालं.

हे पुस्तक दोनदा वाचा. पहिल्यांदा लेखकासोबत वाचा. सूर्योदयाचे रंग, बर्फाचे मनोरे, एकटा माणूस आणि विराट निसर्ग. दुसऱ्यांदा लेखकाकडे पाठ करून होडीतल्या बाकीच्यांकडे बघा. होडी कुणाची? त्यांची. वल्ही कोण मारतंय? मुख्यतः तेच. चार्ली लहानपणी वडिलांबरोबर इथे सीलच्या शिकारीला आला होता. आत झाडं नाहीत, जळण बरोबर घ्या, हा सल्ला त्याचाच. प्रत्यक्ष आत गेल्यावर तो गोंधळला, कारण जागा इतकी बदलली होती की त्याला ओळखू येईना. मग सीलच्या शिकाऱ्यांच्या खोपटातून एका हूना माणसाला वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं.

आता या एका तपशिलातून किती गोष्टी निघतात बघा. एक, १८७९ च्या आधीच्या पिढीतही लोक इथे शिकारीला येत होते. दोन, बर्फ कसा सरकतोय याची माहिती त्यांना होती आणि ती ताजी ठेवावी लागत होती. तीन, 'शोध' लागला त्या दिवशी तिथे राहणाऱ्या माणसाला वाट विचारावी लागली. आणि हे सगळं म्यूरनंच लिहून ठेवलंय. त्यानं काही लपवलं नाही. फक्त वाचणाऱ्यांनी त्याची सूर्योदयाची पानं लक्षात ठेवली आणि वाटाड्याचं पान उलटून टाकलं.

साधनचिकित्सा म्हटलं की आपल्याला वाटतं, लेखक खोटं कुठे बोलतोय ते पकडायचं. पुष्कळदा लेखक खरंच सांगत असतो आणि आपण हवं तेवढंच उचलत असतो.

तिसरं साधन: आगबोटीतले प्रवासी

१८८३ मध्ये कॅप्टन जेम्स कॅरल 'आयडाहो' नावाची आगबोट ग्लेशियर बेमध्ये घेऊन गेला. त्या बोटीवर एलायझा सिडमोर ही पत्रकार होती. तिचं अलास्कावरचं पुस्तक १८८५ मध्ये आलं आणि पुढची काही वर्षं उन्हाळी आगबोटींची रीघ लागली. म्यूरचं नाव दिलेली हिमनदी हे मुख्य आकर्षण. लोक डेकवर उभे राहून कडा कोसळायची वाट बघायचे.

'बघण्याची जागा' इथे तयार झाली, आणि ती बोटीच्या वेळापत्रकानं तयार झाली. डेकवरून काही तासांत जे दिसतं ते सुंदर, जे दिसत नाही ते नाहीच. पर्यटनाच्या इतिहासावर काम करायचं असेल तर वर्णनांबरोबर वाहतूक वाचा: बोट कुठे थांबायची, किती वेळ, कुठल्या महिन्यात. मग एकाच जागेचं एकसारखं वर्णन पन्नास लोकांनी का केलं ते उलगडतं. पन्नास जण एकाच कठड्याला टेकून उभे होते!

पुढे १० सप्टेंबर १८९९ ला याकुटाटजवळ मोठा भूकंप झाला. हिमनद्या इतक्या तुटल्या की उपसागर बर्फानं भरून गेला आणि कित्येक वर्षं आगबोटींना म्यूर हिमनदीजवळ जाता येईना. प्रवासवर्णनं आटली. आता सावध राहा. साधनं आटली म्हणून जागा ओस पडली असं लिहायचा मोह होतो. ओस पडला होता तो फक्त डेक.

चौथं साधन: १९२५ चा जाहीरनामा

विल्यम कूपर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९१६ मध्ये इथे आला. उघड्या खडकावर झाडं कशी येतात याचा अभ्यास करण्यासाठी त्यानं जमिनीचे लहान चौकोन आखले आणि तो पुन्हा पुन्हा येऊन ते तपासत राहिला. या कामाला विज्ञानात मोठा मान आहे. अमेरिकेच्या इकॉलॉजिकल सोसायटीनं ही जागा राखून ठेवा म्हणून सरकारकडे आग्रह धरला आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ग्लेशियर बेला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं.

हा जाहीरनामा छोटा आहे, पण ओळ न् ओळ वाचण्यासारखा आहे. राखायची कारणं त्यात दिली आहेत: समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्या, भव्य दृश्य, विज्ञानाला मिळणारी दुर्मीळ संधी, आणि ऐतिहासिक महत्त्व. ऐतिहासिक का? तर १७९४ मधल्या व्हँकुव्हरच्या सफरीपासून शोधक आणि शास्त्रज्ञ इथे येत राहिले आणि त्यांनी मौल्यवान नोंदी मागे ठेवल्या, म्हणून. हूना त्लिंगिटांचं त्यात नावही नाही.

कळलं का काय झालं? ज्यांनी कागद ठेवले त्यांना इतिहास मिळाला. ज्यांनी ठेवले नाहीत ते सरकारी अर्थानं तिथे नव्हतेच. संशोधक म्हणून आपण रोज करतो तीच निवड, फक्त इथे ती कायद्यात उतरली.

आणि तिचे परिणाम झाले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बेटांवर जाऊन समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करणं ही हूना कुटुंबांची जुनी रीत होती. अख्खं घर जायचं, मुलांना जागांची नावं सांगितली जायची, कुठल्या घरट्यातून किती घ्यायची याचे नियम शिकवले जायचे. पक्षी-संरक्षणाचे कायदे आणि उद्यानाचे नियम यांमुळे ती बेकायदा ठरली. सीलची शिकारही १९७० च्या दशकापर्यंत बंद पडली. १९८० मध्ये स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं, १९९२ मध्ये जागतिक वारसा. प्रत्येक पायरीवर जागेचा मान वाढला आणि आजीनं नातवाला शिकवायची जागा आक्रसत गेली. कायकवाल्याला मिळणाऱ्या शांततेच्या मागे हाही एक इतिहास आहे.

इथे घाईनं खलनायक शोधू नका. कूपरच्या गटानं आग्रह धरला नसता तर इथे खाणी आणि लाकूडतोड आली असती असं मानायला जागा आहे. चांगल्या हेतूनं केलेल्या कामातून अन्याय कसा घडतो, हा प्रश्न 'कोण वाईट' यापेक्षा जास्त टिकाऊ आहे. प्रबंध चार-पाच वर्षं पुरायला हवा!

पाचवं साधन: नावं आणि कथा

आतापर्यंतची चारही साधनं बाहेरून आलेल्यांची. आता आतलं साधन.

ग्लेशियर बेचं त्लिंगिट नाव आहे 'सीट ईटी गेयी'. अर्थ साधारण असा: हिमनदीच्या जागी आलेला उपसागर. नावातच भूगोलातला बदल सांगितलाय. त्याहून जुनं एक नाव आहे 'से शुयी'. ते हिमनदीच्या गाळाच्या कडेशी जोडलेलं आहे. म्हणजे बर्फ पुढे येण्याआधी इथे गाळाचं मैदान होतं, त्या काळातलं हे नाव.

मग कथा. आपल्या पूर्वजांची वस्ती या मैदानात होती, असं हूना लोक सांगतात. कास्टीन नावाच्या मुलीला रिवाजाप्रमाणे एकांतात ठेवलं होतं. तिनं हिमनदीला कुत्र्याला बोलवावं तसं बोलावलं. हिमनदी धावत पुढे आली आणि गाव सोडावं लागलं. निघताना एकजण मागे राहते. एका कथनात ती कास्टीन स्वतः, दुसऱ्यात तिच्याऐवजी एक म्हातारी बाई. सुझी जेम्स आणि एमी मार्व्हिन या दोन जाणत्या स्त्रियांनी सांगितलेली ही कथनं नोरा आणि रिचर्ड डाउनहाउर यांनी १९८७ मध्ये 'हा शुका' या पुस्तकात त्लिंगिट आणि इंग्रजी समोरासमोर छापली.

आपल्याकडे बखरींबद्दल जो वाद झाला तोच इथे उभा राहतो. यात इतिहास किती आणि रचना किती? हिमनदी हाकेला ओ देते हे आपण पुरावा म्हणून घेणार नाही. पण 'बर्फाआधी इथे मैदान होतं, वस्ती होती, बर्फ वेगानं आला आणि लोक हलले' हा भाग तपासता येतो.

आणि तो तपासला गेलाय. वाळू-खडीत गाडल्या गेलेल्या जुन्या झाडांचे बुंधे ग्लेशियर बेमध्ये जागोजागी सापडतात. त्यांचा काळ काढता येतो. २००९ मध्ये भूशास्त्र, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या क्षेत्रांतल्या पाच अभ्यासकांनी 'द होलोसीन' या नियतकालिकात हे भूशास्त्रीय पुरावे आणि त्लिंगिट कथा व स्थलनामं शेजारी ठेवून मांडणी केली. खालच्या उपसागराच्या जागी पूर्वी राहण्याजोगी दरी होती आणि अठराव्या शतकात बर्फानं ती गिळली, हे चित्र दोन्हीकडून जुळतं. १७५० च्या सुमारास बर्फ सर्वांत पुढे आलेला होता. व्हिडबीनं १७९४ मध्ये पाहिली ती मागे सरकायला लागलेली हिमनदी. ज्याला तो जगाचा शेवट समजून परत फिरला, तिच्या पोटाखाली कुणाचं तरी गाव होतं.

आता सुरुवातीच्या त्या समजाकडे परत या. कायकवाल्याला वाटतं, ही कोरी, नुकती जन्मलेली जमीन. खरं तर ही सोडावी लागलेली जमीन आहे. बर्फ मागे सरकू लागल्यावर हूना लोक पुन्हा आत येऊ लागले, शिकारीच्या खोपट्या बांधू लागले. म्यूरला भेटले ते हेच लोक. म्हणजे म्यूर ज्याला शोध म्हणत होता, ते त्याच्या वाटाड्यासाठी घरी परतणं होतं.

मौखिक साधन वापरताना दोन गोष्टी पाळा. पहिली, दोन कथनांत फरक असला की 'खरं कुठलं?' असं लगेच विचारू नका. मागे कोण राहिलं यावर मतभेद आहेत, गाव सोडावं लागलं यावर नाहीत. कुठे मतभेद आहेत आणि कुठे नाहीत हीच माहिती असते. दुसरी, कथा कुणाची आहे ते विचारा. त्लिंगिट समाजात कथा ही कुळाची मालमत्ता असते. कुणीही उठून सांगायची नसते. प्रसिद्ध झालेलं कथन वापरताना सांगणाऱ्याचं नाव घ्या. मुलाखत घेणार असाल तर संमतीचा कागद हा उपचार समजू नका.

पुढे काय झालं?

२०१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायदा करून हूना त्लिंगिटांना ग्लेशियर बेमध्ये पुन्हा समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायची वाट मोकळी केली. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला 'हूना शुका हीट' उभं राहिलं, म्हणजे हूना पूर्वजांचं घर. कायकवाल्यांची बोट जिथून सुटते त्याच किनाऱ्यावर. म्हणजे आता आत जाणारा प्रत्येक जण आधी त्या घरावरून जातो. जागेचं सौंदर्य त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही.

या बदलामागे हूना लोकांचा दीर्घ आग्रह आहे, आणि इतिहास-मानवशास्त्रातल्या संशोधनाचाही वाटा आहे. कुठल्या बेटावर कोण जायचं, कधी, किती अंडी घ्यायचं, याच्या नोंदी म्हाताऱ्या माणसांकडून करून घेतल्या गेल्या होत्या. त्या नसत्या तर कायदा करणाऱ्यांपुढे ठेवायला काय होतं? 'इतिहासाच्या संशोधनाचा उपयोग काय?' असं घरच्यांनी विचारलं, तर हे उदाहरण सांगा.

आता तुमची पाळी

अलास्का दूर आहे. तुमच्यापैकी फार थोडे त्यावर काम करतील. पण पद्धत इथेही चालते, आणि त्यासाठी लांब जायला नको. पुण्याजवळ मुळशीच्या जलाशयावर आज लोक शनिवार-रविवार कायक चालवायला जातात. 'निसर्गरम्य तलाव' असं वर्णन असतं. तो तलाव नाही, धरणाचं पाणी आहे. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या मावळ्यांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. राजेंद्र व्होरांनी आपल्या पुस्तकात त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. सत्याग्रह हरला, पाणी भरलं, गावं बुडाली.

हा राजकीय इतिहास लिहिला गेलाय. पण बुडालेलं खोरं 'सुंदर' कधी झालं? कुणाच्या लेखणीतून? पहिलं पर्यटन-पत्रक कधीचं? रस्ता कधी झाला? आणि उठलेल्या घरांतल्या बायकांनी काय म्हटलं? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याच्या मावळ पट्ट्यातल्या गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत पाण्याचा, जमिनीचा, सुटलेल्या गावाचा उल्लेख शोधायला बसलात तर काय हाती लागेल, ते शोधल्याशिवाय कळणार नाही. याला म्हणतात प्रश्न.

प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा एक साधं काम करा. तुमच्या जागेचं सर्वांत लोकप्रिय चित्र समोर ठेवा आणि कागदावर पाच रकाने आखा: मोजणारे, प्रवासी, वाहतूक, सरकार, तिथले लोक. प्रत्येक रकान्यात तुम्हाला खरोखर मिळू शकणारं एक तरी साधन लिहा, कुठल्या दप्तरात, कुठल्या भाषेत, कुणाच्या परवानगीनं, हे धरून. एक रकाना रिकामा राहील. बहुतेकांचा शेवटचाच राहतो. रिकाम्या रकान्याला घाबरून विषय बदलू नका. तो भरायला काय काय करावं लागेल याची यादी करा, मग तीच तुमची संशोधनपद्धती म्हणून प्रपोजलमध्ये लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येईल, आणि उत्तर तुमच्याजवळ तयार असेल.